एच-४ मुदतवाढ नाकारली : दर्जा काय राहतो आणि लगेच काय करायचं

अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या जोडीदारासोबत एच-४ या आश्रितांच्या दर्जावर राहणाऱ्यांचा मुदतवाढीचा अर्ज, म्हणजे आय-५३९, नाकारल्याचं पत्र आलं की सर्वांत आधी आय-९४ या प्रवेशनोंदीवरची तारीख काढा. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त प्रवेशासाठी असतो. मुक्काम किती, हे आय-९४ सांगतो.

ती तारीख अजून पुढे असेल तर तोपर्यंत तुमचा एच-४ दर्जा शाबूत आहे आणि चूक सुधारून नवा आय-५३९ भरता येतो. तारीख उलटून गेली असेल तर त्याच दिवसापासून तुम्ही दर्जाबाहेर धरले जाता. अर्ज मुदतीत केला असेल, तर बेकायदा मुक्कामाचे दिवस मात्र नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. अर्जच उशिरा केला असेल, तर थेट आय-९४ संपल्यापासून. हे दिवस १८० च्या वर गेल्यावर देश सोडला तर ३ वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झाले तर १० वर्षं. १८ वर्षांखालच्या मुलांचे दिवस यात धरत नाहीत, पण दर्जा त्यांचाही गेलेलाच असतो. एच-४ ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी असेल तर काम लगेच थांबवा.

नकार का आला, ते पत्रात लिहिलेलं असतं. ओळ न् ओळ वाचा. सर्वांत वाईट वाटतं ते टाळता येण्याजोग्या कारणांचं. जोडीदाराची एच-१बी मंजूर झाली म्हणजे आपलीही मुदत वाढली असं घरचे धरून चालतात, पण एच-४ ला वेगळा अर्ज लागतो. पासपोर्ट लवकर संपणार असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ तेवढ्यापुरताच देतो आणि ती तारीख कुणी पाहतच नाही. महाराष्ट्रातला विवाह नोंदणी दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्यावर भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणन लागतं. जास्तीचे पुरावे मागणाऱ्या पत्राला उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं समजतात.

या नकारावर अपील नाही. आय-२९०बी भरून फेरविचार मागता येतो : निर्णयापासून ३० दिवसांत, पत्र टपालाने आलं असेल तर ३३. अर्ज त्या मुदतीत कार्यालयात पोचायला हवा. मात्र तो प्रलंबित असताना दर्जा मिळत नाही आणि दिवस मोजणंही थांबत नाही. आवाक्याबाहेरच्या कारणाने उशीर झाला असेल तर पुराव्यासह उशिराचा आय-५३९ स्वीकारला जाऊ शकतो, पण तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

जोडीदाराची एच-१बी वैध असेल तर आमच्या मते लवकर भारतात येऊन नवा एच-४ व्हिसा घेणं हा जास्त भरवशाचा मार्ग. आय-९४ उलटल्यावर नकार आला असेल तर जुना व्हिसा तारीख शिल्लक असूनही रद्द धरला जातो आणि नवा मायदेशातूनच घ्यावा लागतो. कॅनडा-मेक्सिकोचा विचार सोडा. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जाची पावती, पासपोर्ट, जोडीदाराचं आय-७९७ हे एच-१बी मंजुरीचं पत्र व अलीकडच्या पगारपावत्या, विवाह दाखला, नकाराचं पत्र आणि मुदतीत अर्ज केल्याची पावती न्या. डीएस-१६० मध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, असा प्रश्न असतो. तिथे खरं तेच लिहा.

फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानुसार नकारानंतर दर्जा उरला नसेल तर इमिग्रेशन न्यायालयात हजर राहण्याची नोटीस येऊ शकते. ती आली तर वकिलाला दाखवल्याशिवाय देश सोडू नका आणि तारीख चुकवू नका. गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघतो. एरवी निघताना बोर्डिंग पास जपून ठेवा, कधी बाहेर पडलात याचा तो पुरावा असतो.