सहा महिन्यांचा कायदा आणि वॉशिंग्टनच्या घरचे गुलाम

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहर आहे. तिथे ‘लिबर्टी बेल’ या स्वातंत्र्याचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या घंटेच्या इमारतीला लागूनच जॉर्ज वॉशिंग्टनचं राष्ट्राध्यक्ष असतानाचं घर होतं. २०१० मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, आणि त्या घरात राबलेल्या नऊ गुलामांची नावं तिथे कोरली गेली. त्यांतलं एक नाव ओना जज या बाईचं.

१७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात मंजूर झाला. तो लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला धारेवर धरणारा एक परिच्छेद होता. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो गाळला. (राहिला असता तरी काय? आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं जेफर्सनच्याच मालकीची होती.)

चार वर्षांनी, १ मार्च १७८० ला, पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. मालकाने नोंदणी केली असेल, तर आधीचे गुलाम जन्मभर गुलामच राहणार होते. त्यानंतर जन्मणारी मुलं सुटणार, तीही २८ व्या वर्षी. उमेदीची वर्षं मालकाच्याच पदरात. बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम मात्र सहा महिने राज्यात राहिला की मुक्ती मागू शकत होता. काँग्रेसच्या सदस्यांना यातून सूट होती. राष्ट्राध्यक्षाचा त्यात उल्लेख नव्हता, कारण ते पद पुढे १७८९ मध्ये आलं.

१७९० मध्ये राजधानी फिलाडेल्फियाला हलली आणि व्हर्जिनियाचा जमीनदार असलेला वॉशिंग्टन आपले गुलाम घेऊन आला. महाधिवक्ता एडमंड रँडॉल्फचे गुलाम मुक्ती मागू लागले होते. त्याने वॉशिंग्टनच्या घरी सावध केलं. मग सहा महिन्यांची मुदत भरण्याआधी गुलामांना काही दिवस राज्याबाहेर पाठवायचं, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून, असा क्रम सुरू झाला. गुलामांना आणि जनतेलाही खरं कारण कळू नये, अशा निमित्ताने हे करावं, असं वॉशिंग्टनने एप्रिल १७९१ मध्ये आपला चिटणीस टोबायस लिअर याला लिहिलं. असली पळवाट त्या कायद्याच्या १७८८ च्या दुरुस्तीने बंद केलेली होती. म्हणजे राष्ट्राध्यक्ष सरळसरळ कायदा मोडत होता.

ओनाचा बाप इंग्रज शिंपी होता. पण व्हर्जिनियात १६६२ पासून मूल आईच्या दर्जाचं मानलं जाई, आणि तिची आई वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मालमत्तेत मोडत होती. १७९६ मध्ये ओनाला मार्थाच्या नवविवाहित नातीला देऊन टाकायचं ठरलं. मे महिन्यात मालक-मालकीण जेवायला बसलेले असताना ती घराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला पोहोचली.

पळालेल्या गुलामांना परत मिळवण्याच्या १७९३ च्या कायद्यावर सही वॉशिंग्टनचीच होती. तरी न्यायाधीशासमोर दावा घेऊन जाण्याऐवजी त्याने अर्थमंत्र्याला आणि त्याच्यामार्फत पोर्ट्समथच्या जकात अधिकाऱ्याला कामाला लावलं. तुमच्या दोघांच्या मृत्यूनंतर मला मुक्त कराल असं वचन द्या, मी परत येते, असा निरोप ओनाने पाठवला. पळून जाणाऱ्याला असं बक्षीस दिलं तर बाकीचे बिथरतील, म्हणून वॉशिंग्टनने नकार दिला.

१७९९ च्या मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीचे गुलाम मुक्त करायला सांगितले. कस्टिसांच्या गुलामांवर त्याचा तो हक्क नव्हता. ओना १८४८ मध्ये वारली, तेव्हाही कायद्याने ती फरारीच होती. आणि न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेली तिची तीन मुलंही आईच्या नियमाने कस्टिसांचीच ठरत होती.