पाणी किती खोल हाये?

पौषातली थंडी, धानाचं गोदाम, पोत्यांवर पसरलेली चादर आणि तिच्यावर वीस बाजूंचा फासा. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांवरचा गोष्टींचा खेळ खेळतो. त्या रात्री मी एक विकत घेतलेलं साहसपुस्तक, म्हणजे खेळवायची तयार गोष्ट, चालवत होतो. बुडालेल्या देवळाच्या तळघराचं वर्णन दीड पानाचं होतं. देऊळ कोणत्या राजानं बांधलं, पुजाऱ्यांच्या दोन घराण्यांत वैर कशावरून आलं, सगळं त्यात होतं. खेळाडूंना मोठ्यानं वाचून दाखवायचा चौकटीतला मजकूर मी ठसक्यात वाचला. धाकट्या चुलतभावानं बोराची बी थुंकली आणि विचारलं, “दादा, पानी किती खोल हाये? थे सांग ना.”

पान उलटलं, मागचं पाहिलं, नकाशा पाहिला. कुठंच नव्हतं. आणि हे पुस्तक मी घेतलं होतं एका परीक्षणातले पाचपैकी पाच तारे बघून.

तारे देणारा खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्यानं पुस्तक वाचलं होतं, मी ते चालवत होतो. ही दोन कामं एकमेकांपासून कशी सुटली, ते समजायला जरा मागं जावं लागतं.

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. सूत्रधार जग सांगणार, खेळाडू त्यात काय करायचं ते सांगणार आणि अडलं की फासा. यात तयार साहस नव्हतं. भुयार, म्हणजे साहसाची जागा, ज्याची त्यानं काढायची, अशीच समजूत होती. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत आर्नेसननं ‘टेम्पल ऑफ द फ्रॉग’ घातलं, ते छापलेलं पहिलं साहस. पण आयती भुयारं वेगळी विकत घेईल कोण, हा प्रकाशक टीएसआरचा ग्रह होता. पुढच्याच वर्षी जजेस गिल्डसारख्या बाहेरच्या मंडळींनी नकाशे आणि शहरं विकून तो खोटा पाडला. लोकांकडे कल्पना होत्या, वेळ नव्हता. आमच्याकडेही तेच आहे. रोवणी आणि कापणीच्या मधे भुयार रेखाटत कोण बसणार?

टीएसआरची स्वतःची पुस्तकं मात्र वेगळ्याच कारणानं जन्मली, ते म्हणजे स्पर्धा. १९७५ साली बाल्टिमोरमध्ये भरलेल्या पहिल्या ‘ओरिजिन्स’ मेळाव्यात गायगॅक्सनं ‘टूम ऑफ हॉरर्स’ खेळवलं. ते छापून आलं १९७८ मध्ये. त्या थडग्यात राक्षसांपेक्षा सापळे जास्त. चुकीच्या जागी हात घातला की पात्र संपलं. घरी खेळताना हे अन्यायाचं वाटतं, पण स्पर्धेत संघ गाळायचेच असतात. १९८० च्या ‘हिडन श्राइन ऑफ तामोआचान’मध्ये तर गुणांची पद्धतच छापलेली आहे. तेही आधी स्पर्धेतच खेळवलं गेलं होतं.

स्पर्धेची आणखी एक गरज होती. दहा टेबलांवर दहा सूत्रधार असतील तर प्रत्येक संघाला खोलीचं वर्णन सारखंच मिळायला हवं, नाहीतर निकालावर भांडणं. मोठ्यानं वाचायची ती चौकट अशा कामाला फार सोयीची. स्पर्धा मागं पडली, चौकट राहिली. मग लेखकांना ती सजवायची हौस लागली. माझ्या दीड पानाच्या देवळाचं मूळ मला तिथं दिसतं.

आमच्या भागात हे समजावून सांगायला सोपं आहे. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, रात्री नाटक असतं, कंपनी नदीपलीकडच्या वडशाची. छापील नाटक घरी वाचायला छान असतं. पण प्रॉम्प्टरची वही पाहा: अर्धी वाक्यं कापलेली, कोण कुठून येतो ते लाल शाईत, आणि पानं अशी दुमडलेली की अंधारात बोट बरोबर पडावं. त्या वहीला कुणी साहित्य म्हणणार नाही. पण ती हरवली तर पडदा उघडत नाही. साहसपुस्तक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हायला बघतं, तिथं घोळ होतो.

परीक्षणंही लवकरच आली. ब्रिटनमधलं ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक १९७७ साली निघालं आणि त्याच्या ‘ओपन बॉक्स’ सदरात दहापैकी गुण देऊ लागलं. तिथला एक प्रमुख परीक्षक डॉन टर्नबुल पुढं टीएसआरच्याच ब्रिटिश शाखेचा प्रमुख झाला. खेळाची दुनिया तेव्हा एवढीशीच होती.

खरं वळण १९८३-८४ मधलं. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं ‘रेव्हनलॉफ्ट’ हे किल्ल्यातलं साहस आलं आणि भुयारातल्या खोल्यांपेक्षा खलनायकाचं दुःख मोठं झालं. त्यातली एक युक्ती मला आजही आवडते: सुरुवातीला पत्ते पिसून भविष्य सांगायचं आणि महत्त्वाच्या वस्तू कुठं सापडतील, खलनायकाला काय हवंय, ते त्या पत्त्यांवर ठरायचं. म्हणजे कथा असूनही दर खेळाला ती निराळी. पाठोपाठ आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ या साहसमालिकेसोबत कादंबऱ्याच होत्या, तेव्हा शेवट बराचसा ठरलेला. खेळाडू याला ‘रेलरोडिंग’ म्हणून नाकं मुरडतात. माझे मामा दारव्ह्याचे. ते म्हणतात, तिकडची शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी रुळावरूनच जायची, पण मधे उतरून, बोरं वेचून परत चढता यायचं. रूळ असण्याला माझीही हरकत नाही, उतरता यायला हवं.

१९८३ चं ‘रेव्हनलॉफ्ट’ ३२ पानांचं होतं. २०१६ मध्ये त्याच किल्ल्यावर आलेलं ‘कर्स ऑफ स्ट्राड’ २५६ पानांचं. एवढं जाड पुस्तक परीक्षण लिहिण्याआधी खेळून बघायचं तर वर्ष जातं, म्हणून बहुतेकांचा निवाडा वाचूनच होतो. जुन्या साहसांचा निवाडा आठवणीवर चालतो. २००४ साली ‘डंजन’ मासिकानं सर्वोत्तम ३० साहसं निवडली. पहिलं ‘क्वीन ऑफ द स्पायडर्स’, दुसरं ‘रेव्हनलॉफ्ट’, तिसरं ते थडगं. तिन्ही जुनी, लहानपणी खेळलेली. अशा खेळांच्या २००१ पासूनच्या ‘एनी’ पुरस्कारांत परीक्षक नामांकनं ठरवतात आणि शेवटचं मत लोकांचं असतं.

उलटा प्रवाहही आहे. २००९ मध्ये ‘वन पेज डंजन’ स्पर्धा सुरू झाली: नकाशा, खोल्या, सगळं एका पानावर. जुन्या धाटणीच्या छोट्या प्रकाशकांनी तुटक वाक्यं, ठळक शब्द आणि खोलीच्या वर्णनाशेजारीच नकाशाचा तुकडा अशी मांडणी धरली. ती प्रॉम्प्टरच्या वहीच्या जवळ जाते.

आमची एक कसोटी मात्र कुठल्याच परीक्षणात नसते. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडं काळ्या-पांढऱ्या छपाईला पानामागं दोन रुपये. जुन्या पुस्तकांतले नकाशे फिकट निळे असायचे. तो निळा रंग तेव्हाच्या यंत्रांना नीट पकडता येत नसे, त्यामुळं फुकट प्रती काढणं अवघड. आताचे रंगीत नकाशे आमच्या झेरॉक्सवर निघतात ते काळ्या डागांसारखे. त्या रात्री वीज गेली, मोबाईल नऊ टक्क्यांवर, आणि त्या डागांतून मी पाण्याची खोली शोधत होतो.

“गळ्यापर्यंत,” मी ठोकून दिलं. चुलतभावानं विचार केला आणि आपल्या योद्ध्याचं चिलखत उतरवून पायरीवर ठेवलं. मी लाल पेन घेतला, राजाच्या वंशावळीवर काट मारली आणि समासात लिहिलं: पाणी गळ्याइतकं, चिलखत वर.