झाड तिसाव्या मजल्यावर कसं जगतं?

वस्तीत नवा निवासी टॉवर येणार असला की इमारतीच्या कितीतरी आधी तिचं चित्र येतं. प्रत्येक बाल्कनीतून ओसंडणारी हिरवाई, गच्चीवर बाग, मधल्या एखाद्या मजल्यावर सावलीतली पायवाट. झाडं सगळी वयात आलेली, भरगच्च, एकही पान पिवळं नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते आणि ती खरी व्हावी असं वाटतं. म्हणूनच असं चित्र हाती आलं की मी झाडाच्या शेंड्याकडे नाही, बुंध्याकडे बघतो. तिथे कुंडी काढलेली असते. बऱ्याचदा ती गुडघ्याएवढीही नसते आणि तिच्यात दोन माणसं उंचीचं झाड डोलत असतं.

उंचावरच्या झाडाचं भवितव्य या कुंडीत ठरतं, आणि कुंडी किती मोठी करता येईल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आकडेमोडीत ठरतं. माळी फार नंतर येतो.

मातीचं वजन हाताने अजमावून बघण्यासारखं आहे. तळाला भोकं असलेली १० लिटरची बादली बागेतल्या कोरड्या मातीने भरून उचला. ती १२-१३ किलोंची भरेल. आता तळातून ठिबकेपर्यंत पाणी घाला आणि पुन्हा उचला. तीच बादली १७-१८ किलोंच्या आसपास जाते. याच हिशेबाने एक घनमीटर भिजलेली माती पावणेदोन टनांच्या आसपास जाते. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामानसुमान यांच्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. त्यावर मीटरभर खोल ओली माती ठेवायची म्हणजे आठ-नऊ पट भार झाला, झाड अजून धरलेलंच नाही.

त्यातून बाल्कनी ही भिंतीतून बाहेर झेपावलेली असते, तिच्या दुसऱ्या टोकाला आधार नसतो. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर भिंतीपाशी येणारा वाकवण्याचा जोर, तेवढ्याच जाडीची माती पसरलेली असताना, चौपट होतो. वजनदार कुंडी तर नेमकी कडेला हवी असते, कारण ऊन तिथेच मिळतं. यावर उपाय आहेत. बागेच्या मातीऐवजी सच्छिद्र ज्वालामुखी खडे आणि सेंद्रिय खत यांचं हलकं मिश्रण वापरतात, स्लॅब जाड करतात, लोखंड वाढवतात. पण हे सगळं पहिल्या दिवसापासून आराखड्यात असावं लागतं. इमारत उभी राहिल्यावर ‘आता इथे झाडं लावू’ म्हटलं तर तिथे फुलझाडांच्या कुंड्या मावतात, झाडं नाही.

कुंडीत वाढणाऱ्या मुळांचं काय होतं, हे तीन-चार वर्षं न हलवलेलं रोप बाहेर काढलं की दिसतं. मातीचा गोळा कुंडीच्याच आकाराचा निघतो आणि त्याच्या कडेने मुळं गोल गोल फिरलेली असतात, दोरीचं वेटोळं घालावं तशी. मधल्या भागात माती जवळपास उरलेलीच नसते. जमिनीत वाढणाऱ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर थरातच असतात, पण ती पसरतात मात्र फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. झाड उभं राहतं ते या पसाऱ्याच्या जोरावर. कुंडीत हा पसारा मिळत नाही. त्यामुळे खोलीइतकाच कुंडीचा घेरही महत्त्वाचा, आणि तो चित्रात फार क्वचित पुरेसा दिसतो.

आता या झाडाला वर न्या. जमिनीलगत घरं, भिंती, झाडं वाऱ्याला अडवतात. जसजसं वर जावं तसतसा हा अडथळा कमी होतो. दाट शहरात १० मीटर उंचीवर ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर १०० मीटरवर तो ३५ च्या आसपास असू शकतो. वेग पावणेदोन पट झाला, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे झाडाला बसणारा रेटा तिप्पट झाला. शिवाय इमारतीच्या कोपऱ्यांवर वारा वळताना आणखी जोर धरतो, त्यामुळे कोपऱ्यातल्या बाल्कनीत सर्वात उंच झाड दाखवलेलं दिसलं की मला काळजी वाटते.

झाडं वाऱ्यापुढे अगदीच हतबल नसतात. सतत हलवल्या गेलेल्या रोपाची उंची कमी राहते आणि खोड जाड होतं. मार्क जॅफी या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या वागणुकीला ‘थिग्मोमॉर्फोजेनेसिस’ असं नाव दिलं. स्पर्शाने घडणारा आकार, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून एकाच जातीचं झाड तिसऱ्या आणि तिसाव्या मजल्यावर लावलं तर काही वर्षांनी ती दोन वेगळी झाडं दिसतील. वरचं बुटकं, दणकट, फांद्या एका बाजूला झुकलेल्या. ते कुरूप नसतं, पण चित्रातल्यासारखंही नसतं.

इटलीतल्या मिलान शहरात २०१४ मध्ये स्तेफानो बोएरी या वास्तुरचनाकाराच्या कल्पनेतले ‘बोस्को व्हर्टिकाले’, म्हणजे उभं जंगल, हे दोन निवासी टॉवर पूर्ण झाले. त्यांवर सुमारे ८०० झाडं आहेत, झुडपं आणि लहान रोपं तर हजारोंनी. बाल्कन्या तीन मीटरहून जास्त बाहेर आलेल्या आहेत. तिथे आधी वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या, मग खऱ्या झाडांवर जोरदार वारा सोडून पाहिला गेला. त्यावरून झाडं कशी बांधायची हे ठरलं. मुळांचा गोळा कुंडीच्या तळाशी जखडलेला, खोडाला सुरक्षेची दोरी, आणि जिथे वारा सर्वात जास्त तिथे मुळांभोवती पोलादी पिंजरा. एवढ्या उंचीवरून मोडलेली फांदी रस्त्यावर पडली तर काय होईल, याचा विचार करणाऱ्याला ही बांधाबांध जादा वाटणार नाही.

वारा पाण्याचाही शत्रू आहे. पानाच्या पृष्ठभागावर दमट हवेचा एक अगदी पातळ थर असतो. वारा तो पुसून नेतो आणि पर्णरंध्रांतून पाणी अधिक वेगाने उडू लागतं. मुळांना तेवढं पाणी पुरवता आलं नाही की झाड रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार करणं मंदावतं. वाऱ्याच्या बाजूची पानं कडेने करपलेली दिसतात ती यामुळेच.

मग पाऊस? इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एकावर एक बाल्कन्या असतील तर वरची बाल्कनी खालच्या झाडाची छत्री होते. धो धो पावसातही कुंडीतली माती कोरडी राहू शकते. वरच्या बाल्कन्या आलटून पालटून ठेवल्या तर थोडा पाऊस आत येतो, तरी झाड जगतं ते मुख्यतः पाइपवर. घनमीटरभर हलकी माती झाडाला वापरता येईल असं दीड-दोनशे लिटर पाणी धरत असेल आणि मध्यम झाड उन्हाच्या दिवसांत रोज २० लिटर पीत असेल, तर पंप बंद पडल्यावर हाती आठवडाभराचा अवधी उरतो. जमिनीतलं झाड खोलवरच्या ओलीवर महिना काढू शकतं. उंचावर तसली शिल्लक नसते.

गंमत म्हणजे पाणी वर चढवायला फारशी वीज लागत नाही. अशी २०० झाडं धरली तर दिवसाला ४,००० लिटर पाणी झालं. ते १०० मीटर उंच चढवायला, पंपातली घट धरूनही, दोन युनिटच्या आसपास वीज पुरते. खरा सवाल ते पाणी आणायचं कुठून हा आहे. आंघोळीचं, हात धुण्याचं पाणी गाळून झाडांना देण्यासाठी वेगळी नळवाहिनी लागते, आणि तीही भिंती उभ्या राहण्याआधी आखावी लागते.

या सगळ्या खटाटोपातून मिळतं काय? थंडावा नक्की मिळतो. एक लिटर पाणी पानांतून उडताना जवळपास ०.७ युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. २० लिटर पिणारं झाड दिवसभरात सुमारे १४ युनिट उष्णता हवेतून काढून घेतं. मात्र उंचावरचा वारा हा गारवा लगेच वाहून नेतो. त्यामुळे पानांची सावली जास्त कामाची. काचेवर पडणारं ऊन पानांनी बाहेरच अडवलं तर खोली बरीच कमी तापते. हा फायदा घरात राहणाऱ्याला होतो. खालून चालणाऱ्याला विसाव्या मजल्यावरच्या झाडाचा गारवा जवळपास लागत नाही. त्याच्यासाठी पदपथावरचंच झाड हवं.

कार्बनबद्दल मात्र मोठे दावे ऐकले की मी कागद-पेन घेतो. जमिनीतलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, कुंडीतलं त्याहून कमी. उदारपणे ८०० झाडं आणि प्रत्येकी २० किलो धरले तरी वर्षाचे १६ टन होतात. एक घनमीटर काँक्रीट तयार होताना साधारण ३०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षभराची सगळी कमाई पन्नासेक घनमीटर काँक्रीटमध्ये संपली. उंच टॉवरला काँक्रीट लागतं हजारो घनमीटर. म्हणून झाडं लावावीत ती सावलीसाठी, धुळीसाठी, पाखरांसाठी, सकाळी दार उघडल्यावर समोर पान दिसावं यासाठी. काँक्रीटचा हिशेब चुकता करण्यासाठी नव्हे.

टॉवरमध्ये राहणार नाही अशा शेजाऱ्याचाही या बागेशी संबंध येतो. १०० मीटर उंच इमारतीची सावली सूर्य ३० अंशांवर असताना १७० मीटरहून लांब पडते. त्या सावलीत कुणाची तरी जुनी झाडं, कुणाचं तरी अंगण येतं. उंच भिंतीवर आदळलेला वारा खालीही उतरतो आणि टॉवरच्या पायथ्याशी बाकावर बसणं नकोसं करतो. सिडनीतल्या ‘वन सेंट्रल पार्क’ या टॉवरने सावलीचा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने हाताळला. एक आरसेपट्टी उंचावरून बाहेर काढली आहे, आणि जवळच्या बुटक्या इमारतीवरचे सूर्याबरोबर फिरणारे आरसे तिच्यावर ऊन टाकतात. तिथून ते खालच्या सावलीतल्या भागात उतरतं. उपाय देखणा आहे, पण मुळात इमारत कुठल्या दिशेला किती उंच करायची हे आधी ठरवणं कितीतरी सोपं.

आणि शेवटी देखभाल. मिलानमध्ये झाडं त्या त्या घरमालकाच्या मर्जीवर सोडलेली नाहीत. ती सामायिक मालकीची आहेत. छाटणीसाठी प्रशिक्षित माळी गच्चीवरून दोरखंडाने लटकत खाली येतात, बाल्कनीबाहेर लोंबकळत फांदी फांदी तपासतात. याउलट चीनमधल्या चेंगडू शहरात २०१८ मध्ये बांधलेल्या अशाच हिरव्या वसाहतीत सगळी ८२६ घरं विकली गेली, पण २०२० मधल्या बातम्यांनुसार राहायला मोजकीच कुटुंबं आली होती. रिकाम्या बाल्कन्यांत वेली मोकाट वाढल्या आणि डासांनी मुक्काम केला. उष्ण दमट हवेत कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो. पाणी साचू न देणारा निचरा आणि ठरलेल्या दिवशी येणारा माणूस, दोन्ही नसतील तर बाग शेजाऱ्यांना त्रास देऊ लागते.

सिंगापूरने २००९ पासून नेमलेल्या भागांत असा नियम आणला, की इमारतीने जमिनीवरची जेवढी जागा घेतली तेवढी हिरवाई इमारतीतच कुठेतरी परत द्यायची. पुढे नुसतं क्षेत्रफळ न मोजता पानांचं एकूण क्षेत्र मोजण्याकडेही तिथे लक्ष दिलं गेलं. मला हे माप फार योग्य वाटतं. हिरवळीचा गालिचा आणि दाट झुडूप कागदावर सारखीच जागा अडवतात, पण सावली आणि गारवा देतात ती पानं.

तुमच्या वस्तीत असा प्रस्ताव आला असेल तर रंगीत चित्र बाजूला ठेवून उभा छेद दाखवणारा आराखडा मागा. त्यात कुंडीची आतली खोली आणि रुंदी लिहिलेली असते. मातीचं मिश्रण कोणतं, भिजल्यावर त्याचं वजन किती धरलं आहे, पाण्याची नळी कुठून येते, छाटणीचा खर्च कोण उचलणार, हेही विचारता येतं. मिलानच्या झाडांना टॉवरवर चढवण्याआधी २०१० पासून रोपवाटिकेत मर्यादित जागेत वाढण्याची सवय लावली गेली होती. म्हणजे झाडांची तयारी बांधकामाच्या बरोबरीने चालते. तुमच्या टॉवरसाठीची झाडं सध्या कुठे वाढत आहेत, हा प्रश्न पाया खणला जात असतानाच विचारायचा असतो.