आधी मोजणी, मग आलेख: संचासोबतचं माहितीपत्रक

संच उघडल्या उघडल्या मुलं रंगीत पेन्सिली आणि आलेख कागदाकडे झेपावतात. ते दोन्ही आधी उचलून ठेवा. पहिल्या दिवशी छोटी नोंदवही, दोन फासे आणि एक प्रश्न एवढंच लागतं.

प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर मुलाला खरोखरच ठाऊक नाही. ‘वर्गात कोणाला कोणता रंग आवडतो’ हे विचारून विचारून गुळगुळीत झालंय. उत्तर काहीही आलं तरी कुणाचं काही अडत नाही. त्यापेक्षा विचारा, दोन फासे एकदम टाकले तर कोणती बेरीज जास्त वेळा येईल? ‘सगळ्या सारख्याच’ असं मूल ठासून सांगेल. सांगू द्या, आणि ते म्हणणं तारखेसह नोंदवहीत लिहून घ्या.

मग 2 ते 12 हे आकडे एकाखाली एक लिहून फासे टाकायला बसवा. बेरीज येईल तिच्यासमोर ताळ्याची एक खूण. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी. इथे एक चूक हमखास होते: मूल पाच उभ्या रेघा काढतं, सहावी तिरकी ओढतं आणि मोजताना त्या जुडीला पाचच धरतं. लगेच टोकू नका. फासे टाकले शंभर वेळा आणि खुणा भरतायत 88, हे त्याचं त्यालाच सापडू द्या. एकदा सापडलं की पुन्हा ती चूक होत नाही.

खुणा मोजून झाल्या की प्रत्येक बेरजेसाठी तेवढे ठोकळे एकावर एक रचा. साधारण मधोमध डोंगर उभा राहतो. अगदी रेखीव नसेल, पण 7 च्या आसपास उंच आणि दोन्ही कडांना बुटका. आता ‘असं का?’ हा प्रश्न मूलच विचारेल. दोन फाशांच्या 36 जोड्या होतात. त्यांतल्या सहा जोड्यांची बेरीज 7 येते, 2 आणि 12 यांची मात्र एकेकच जोडी. हाच डोंगर चौकटीच्या कागदावर उतरवला की झाला स्तंभालेख.

संचातले सगळे ठोकळे आणि चिकटचित्रं एकाच मापाची आहेत, ते मुद्दाम. चित्रालेखात हत्तीचं चित्र मोठं आणि मुंगीचं छोटं काढलं, तर तीन हत्तींची रांग सात मुंग्यांपेक्षा लांब दिसते. ‘एक चित्र म्हणजे 5’ असं प्रमाणही शक्यतो घेऊ नका. अर्धं चित्र म्हणजे अडीच मुलं? 2, 4 किंवा 10 घ्या.

आमच्या पहिल्या संचात कागदावर अक्ष आणि आकडे आम्हीच छापून दिले होते. कागद सुबक दिसायचे, पण प्रमाण कसं ठरवायचं हे एकही मूल शिकेना. आता कागद कोरे आहेत. एवढं एक पाहा, की स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतोय. दोन मुलांनी दोरीवरच्या 94 आणि 97 उड्या मारल्या आणि अक्ष 93 पासून सुरू केला, तर दुसऱ्याचा स्तंभ पहिल्याच्या चौपट दिसतो. आम्ही तर म्हणतो, असा खोटा आलेख एकदा मुद्दाम काढायला लावा. मुलांना त्यात फार मजा येते.

रेषालेख कधी काढायचा? रोपाची उंची सोमवारी मोजली आणि गुरुवारी मोजली, तर मधल्या दिवसांतही रोप वाढतच होतं, म्हणून बिंदू जोडायला अर्थ आहे. मांजर आणि कुत्रा यांच्या मधे काहीच नसतं. तिथे रेघ ओढू नये. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने 1786 साली व्यापाराचे आकडे रेषालेखांत मांडले, पण स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते. रेघ कशाला जोडणार? त्याने स्तंभ काढले.

वृत्तालेखही त्याचाच, 1801 सालचा. त्याची घाई नको. कोन मोजता येऊ लागले की चकती काढा. दिवसाचे 24 तास 360 अंशांत बसवले की तासाला 15 अंश येतात. नऊ तास झोप म्हणजे 135 अंश, सहा तास शाळा म्हणजे काटकोन.

शीर्षक, अक्षांची नावं आणि प्रमाण लिहून झालं, की आलेख मोजणीच्या वेळी हजर नसलेल्या कुणाला तरी दाखवा आणि तुम्ही गप्प राहा. त्या माणसाला काही विचारावं लागलं, तर मूल आपणहून खोडरबर घेऊन बसेल.

ठोकळा हरवल्यास दुसऱ्या खेळातला वापरू नका, उंची चुकते. या मापाचे सुटे ठोकळे आमच्याकडे मिळतात.