वादळापूर्वी शिडाच्या नौकेची तयारी

चक्रीवादळ किनाऱ्याकडे येत असताना शिडाची प्रवासी नौका (लांबच्या सफरीची यॉट) आडोशाच्या पाण्यात नेणे, तिच्यावरचे वारा अडवणारे सामान उतरवणे, नांगर-दोरांनी ती पक्की करणे आणि माणसांनी वेळेत जमिनीवर येणे, अशी ही तयारी असते. पुढील वर्णन प्रामुख्याने कोकण किनाऱ्याला धरून आहे.

अरबी समुद्रातली वादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये आले, ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकले, तर ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत शिरले. कोकणातले मच्छीमार पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. मेमधले वादळ मात्र त्याआधीच गाठते, आणि पाण्यातल्या नौका उघड्यावर सापडतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २० नॉटचा (ताशी सुमारे ३७ किमी) वारा ६० नॉटचा झाला की नौकेवरचा जोर तिप्पट नव्हे, नऊपट होतो. रोजच्या नांगरावर वर्षभर निवांत उभी राहिलेली नौका वादळात वाहून जाते, त्यामागे हेच गणित असते.

सर्वांत मोठा निर्णय जागेचा. हवामान खाते ७२ तास आधी पूर्वसूचना देते; किनाऱ्यासाठी पहिला इशारा साधारण ४८ तास आधी आणि पुढचा २४ तास आधी येतो. नौका हलवायची ती पहिल्या इशाऱ्यालाच. जयगड, दाभोळ, बाणकोट यांसारख्या खाड्यांत आत शिरले की लाटांचा मारा तुटतो. देवगड बंदरात तर खराब हवामानात परराज्यांतल्या मच्छीमार नौकाही आसऱ्याला येतात. पण अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे पट्टे असतात, आणि शिडाच्या प्रवासी नौकेचा तळ पाण्याखाली दीड-दोन मीटर खोल असतो. अशी नौका तिथून भरतीलाच आत जाऊ शकते. ४८ तासांत भरत्या मिळतात चार, त्यांतल्या दिवसाउजेडी जेमतेम दोन. शिवाय वादळाच्या पुढे धावणारी फुगलेली लाट मुखावर आधीच फुटू लागते. म्हणून एक भरती हुकणेसुद्धा महागात पडते.

खाडीत कांदळवनाच्या कडेला, चिखलाच्या तळावर नांगर चांगला रुततो. दोर किती सोडायचा हे पाण्याच्या आजच्या खोलीवरून ठरवू नये. खोली ४ मीटर, नौकेच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १ मीटर, आणि भरती व वादळी फुगवटा (वादळाने चढणारे पाणी) मिळून आणखी ३ मीटर धरले, तर एकूण ८ मीटर होतात. वादळात याच्या दसपट, म्हणजे ८० मीटर साखळी व दोर लागतो. आजूबाजूला तेवढी मोकळी जागा नसेल, तर काठाला दोर बांधावे लागतात.

वाऱ्याची दिशाही पालटते. वादळ किनाऱ्याबाहेरून उत्तरेकडे सरकत असेल, तर कोकणात वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैर्ऋत्येकडून येतो. दोन नांगर टाकताना ही फिरती लक्षात घ्यावी लागते. नुसता आत्ताचा वारा पाहून टाकलेला नांगर अर्ध्या रात्री उलट बाजूने खेचला जातो आणि उपटतो.

दोर क्वचितच मधोमध तुटतो. नौकेच्या कडेवरच्या ज्या धातूच्या खाचेतून तो बाहेर पडतो, तिथे तो कापला जातो. नायलॉनचा दोर ताणाने लांबतो, सैल होतो, पुन्हा लांबतो. दर लाटेला तेच दोन-चार बोटांचे अंतर खाचेवर घासले जाते. तिथे जाड कातडे किंवा अग्निशमनाच्या जुन्या कापडी पाइपाचा हातभर तुकडा घालून दोन्ही टोके दोरालाच शिवून टाकतात. नुसते गुंडाळलेले फडके तासाभरात सरकते. या तयारीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम हेच.

वरची शिडे उतरवावीच लागतात. पुढचे शीड गुंडाळून, बांधून ठेवले तरी वारा त्याचा एक कोपरा सोडवतो, मग सगळे शीड उलगडते आणि नांगर ओढून नेते. छत, उन्हाचे पडदे, जीवरक्षक कडी, मोकळे दोर सारे खाली जाते. बसण्याच्या जागेतल्या पाण्याच्या वाटा पानापाचोळ्याने तुंबू नयेत म्हणून साफ करतात, तळातला पंप चालवून पाहतात, बॅटऱ्या भरून ठेवतात. जमिनीवर काढून ठेवलेल्या नौकेचे टेकू एकमेकांना साखळीने बांधतात, नाहीतर एक सरकला की नौका आडवी पडते.

मग नौका सोडायची. नौकेत थांबून नांगर सांभाळू म्हणणारा माणूस साठ नॉटच्या वाऱ्यात नाळेपर्यंत सरपटतही जेमतेम पोहोचू शकतो. वादळाचा डोळा (मधला शांत भाग) नेमका वरून गेला तर मध्येच वारा पडतो, आभाळही उघडते. त्या वेळी दोर पाहायला पाण्यात उतरू नये. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने परत येतो.