विंडहोक जाहीरनामा

विंडहोक जाहीरनामा हा आफ्रिकेतील वृत्तपत्रे स्वतंत्र आणि बहुविध असावीत, या मागणीसाठी तेथील पत्रकारांनी ३ मे १९९१ रोजी नामिबियाच्या राजधानीत संमत केलेला दस्तऐवज आहे. तो ज्या चर्चासत्रात संमत झाला, ते युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रे यांनी भरवले होते आणि २९ एप्रिलपासून चालू होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ मध्ये ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन म्हणून घोषित केला, तो या जाहीरनाम्यामुळेच.

स्थळ आणि काळ या दोहोंनाही अर्थ होता. नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या अमलातून २१ मार्च १९९० रोजी मुक्त झाला होता, आणि आफ्रिकेतील अनेक देशांत एकपक्षीय राजवटी ढासळू लागल्या होत्या. युनेस्कोलाही हा विषय नाजूक होता. विकसनशील देशांना बातम्यांच्या जागतिक देवाणघेवाणीत न्याय्य वाटा मिळावा, या वादात १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि पुढच्या वर्षी ब्रिटन त्या संघटनेतून बाहेर पडले होते. तो वाद मुख्यतः सरकारासरकारांमधला होता. विंडहोकमध्ये मात्र वृत्तपत्र चालवताना येणाऱ्या अडचणी पत्रकारांनी स्वतः मांडल्या.

जाहीरनाम्याचे वेगळेपण त्याच्या व्याख्येत आहे. सरकारी, राजकीय अथवा आर्थिक नियंत्रणापासून मुक्त असलेले आणि छपाई व वितरण यांना लागणारे साहित्य व यंत्रणा दुसऱ्याच्या मुठीत नसलेले वृत्तपत्र, तेच स्वतंत्र वृत्तपत्र होय, असे त्यात म्हटले आहे. आफ्रिकेत १९६९ ते १९९० या काळात ४८ पत्रकार कामामुळे मारले गेले आणि किमान १७ पत्रकार, संपादक वा प्रकाशक तुरुंगात आहेत, अशी नोंद करून जाहीरनामा तेथेच थांबत नाही. वृत्तपत्री कागद, छपाईची यंत्रे आणि अक्षरजुळणीची साधने यांवरील जकात व कोटा, तसेच वृत्तपत्रविक्रीवरील कर, हेही अडथळे म्हणून तो मोजतो आणि ते हटवण्याच्या दृष्टीने त्यांचा अभ्यास व्हावा, असे सुचवतो. संपादकाला अटक न करता कागदाचा परवाना अडवूनही वृत्तपत्र बंद पाडता येते, हे त्या पत्रकारांना पुरते ठाऊक होते. मराठी वाचकांनाही हा मुद्दा नवा वाटू नये. पानांच्या संख्येवरून वृत्तपत्राची किंमत ठरवून देणाऱ्या १९६० च्या सरकारी आदेशाला पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते आणि तो आदेश घटनाबाह्य ठरला होता.

मदत देणाऱ्यांसाठीही जाहीरनाम्याने अट घातली. माहितीचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य घटनेने आणि प्रत्यक्ष व्यवहारातही जेथे राखले जाते, तेथेच सरकारी माध्यमांना अर्थसाहाय्य मिळावे, असे त्यात म्हटले आहे. देणगीदारांना अशी अट गैरसोयीची असते, कारण सरकारशी करार करणे हे दहा छोट्या वृत्तपत्रांचे हिशेब तपासण्यापेक्षा नेहमीच सोपे.

आर्थिक नियंत्रणाचे ठळक उदाहरण पुढे विंडहोकमध्येच घडले. ग्वेन लिस्टर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या ‘द नामिबियन’ने दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीतील अत्याचार उघडकीस आणले होते आणि १९८८ मध्ये त्याच्या कार्यालयाला आग लावण्यात आली होती. परदेशी देणग्यांच्या आधारे उभे राहिलेले हे वृत्तपत्र हळूहळू विक्री आणि जाहिराती यांवर चालू लागले. स्वातंत्र्यानंतर त्याने नव्या सरकारवरही टीका केली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष सॅम नुजोमा यांच्या सरकारने त्यातील सरकारी जाहिराती थांबवल्या, शिवाय सरकारी पैशातून त्याचे अंक विकत घेण्यासही मनाई केली. ही बंदी २०११ पर्यंत टिकली. खासगी जाहिराती व वाचक यांचा आधार असल्याने ‘द नामिबियन’ तगले. जवळच्या झिंबाब्वेत ‘डेली न्यूज’ला तेवढी सवलत मिळाली नाही: जानेवारी २००१ मध्ये त्याचा छापखाना स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि २००३ मध्ये नव्या नोंदणी कायद्याच्या आधारे ते बंद करण्यात आले.

जाहीरनाम्यानंतर १९९२ मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील देशांच्या पत्रकारांसाठी ‘मिसा’ (मीडिया इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न आफ्रिका) ही संस्था विंडहोकमध्ये स्थापन झाली; पत्रकारांवरील कारवायांची नोंद ठेवणे आणि त्यांना कायदेशीर मदत मिळवून देणे ही तिची मुख्य कामे. अल्माटी (१९९२), सँटियागो (१९९४), साना (१९९६) आणि सोफिया (१९९७) येथे इतर प्रदेशांसाठीही असेच जाहीरनामे संमत झाले. मदतीच्या पद्धतीतही फरक पडला. प्रशिक्षण आणि अनुदान यांच्या जोडीला १९९५ मध्ये स्थापन झालेल्या एका खासगी निधीने स्वतंत्र वृत्तसंस्थांना कमी व्याजाची कर्जे देण्यास सुरुवात केली. व्यवसाय म्हणून उभी राहिलेली वृत्तसंस्था दबावाला सहज बळी पडत नाही, ही त्यामागची धारणा होती. अनुदानावर विसंबण्यातला धोका २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट झाला. अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली आणि अनेक देशांतील छोट्या वृत्तसंस्थांना माणसे कमी करावी लागली.

मूळ जाहीरनाम्याची मोठी उणीव म्हणजे त्याचा भर छापील माध्यमांवर होता, वास्तविक आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांपर्यंत बातम्या पोहोचत होत्या त्या रेडिओवरून. ही उणीव २००१ च्या आफ्रिकी प्रसारण सनदेने काही प्रमाणात भरून काढली. तिसाव्या वर्षी, २०२१ मध्ये, विंडहोकमध्येच नवा जाहीरनामा संमत झाला. त्यात माहिती ही सार्वजनिक हिताची वस्तू मानली असून वृत्तमाध्यमांच्या आर्थिक टिकावासाठी उपाय योजण्याची आणि समाजमाध्यम कंपन्यांनी आपला कारभार पारदर्शक ठेवण्याची मागणी केली आहे.