बीआयएम सुरू करताना : बिल्डर आणि ठेकेदार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बीआयएम म्हणजे बांधण्याआधी इमारतीचं, तिच्यातल्या सगळ्या लाइनींसह, कॉम्प्युटरवर केलेलं त्रिमितीय मॉडेल. ग्राहक पहिल्यांदा विचारतात ते "सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?" मॉडेल आमच्याकडून करून घेणार असाल, तर सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका. आम्ही दिलेलं एकत्रित मॉडेल नेव्हिसवर्क्स फ्रीडम या फुकट व्ह्यूअरमध्ये साईट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडतं. खर्च करायचाच असेल तर तो साईट इंजिनिअरला मॉडेल वाचायला शिकवण्यावर करा.

सुरुवात तळघरापासून

सगळ्या इमारतीचं मॉडेल एकदम नको. तळघर आणि एक टिपिकल मजला पुरे. टिपिकल मजल्यावरची चूक प्रत्येक स्लॅबला पुन्हा होते, आणि तळघरात सगळ्यांच्या लाइनी एकमेकींना आडव्या येतात.

एक हिशेब मांडून पाहा. तळघराची मजला ते मजला उंची ३६०० मिमी, बीम ७५० मिमी खोल. बीमखाली उरले २८५०. तिथे १६० मिमीची ड्रेनेज लाइन टांगली, क्लॅम्पला ५० धरले, की पाइपचा तळ २६४० वर येतो. १:८० उताराने १६ मीटर गेल्यावर ती आणखी २०० मिमी उतरते, म्हणजे २४४०. नेमका तिथेच खालून ४०० मिमी खोल हवेचा डक्ट गेला तर गाडीला उरले २०४०, आणि त्यातून डक्टचे फ्लँज अन् सपोर्ट अजून वजा व्हायचेत. तिन्ही कन्सल्टंटचे नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात. प्लॅनमध्ये उंची दिसत नाही, एवढंच.

हे आधी कळलं तर डक्ट लाइनच्या वरच्या टोकाकडे सरकवता येतो, ड्रेनेजचा मार्ग आखूड करता येतो, किंवा स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या मंजुरीने बीममध्ये स्लीव्ह (पाइपसाठी आधीच ठेवलेलं भोक) सोडता येते. स्लॅब भरल्यावर हाती उरतं ते कोअर कटिंग (मशीनने भोक पाडणं), आणि बीममध्ये कोअर मारताना सळई तुटण्याची भीती असतेच.

लेव्हल आणि शून्यबिंदू

आर्किटेक्ट तयार फरशीची लेव्हल लिहितो, स्ट्रक्चरलवाले स्लॅबच्या माथ्याची. फरशीचे ७५ मिमी कुणी धरले आणि कुणी नाही, हे पहिल्या बैठकीत ठरवा. नाहीतर सगळा मजला ७५ मिमीने चुकतो आणि क्लॅश तपासणीत (दोन वस्तू एकाच जागी येतात का हे पाहताना) खऱ्याखोट्याचा घोळ होतो.

सर्वेक्षणाचे आकडेही जसेच्या तसे मॉडेलमध्ये टाकायचे नसतात. यूटीएम या नकाशा-पद्धतीत पुण्याचं नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) २० लाख मीटरच्या पुढे जातं; रेव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरला मूळ बिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरपलीकडची भूमिती झेपत नाही, रेषा तुटक दिसतात, मापं बिघडतात. कॉलमच्या ग्रिडचा एक छेदबिंदू, समजा ए-१, शून्य धरायचा आणि त्याचे खरे निर्देशांक वेगळे नोंदवायचे. नागपूरच्या ग्राहकांनी लक्षात ठेवावं: पुणे, मुंबई, नाशिक यूटीएम झोन ४३ मध्ये येतात, नागपूर ४४ मध्ये.

क्लॅश रिपोर्ट

पहिल्या रिपोर्टमध्ये हजारो क्लॅश निघाले, तर तो आकडा कुणाला दाखवत बसू नका; त्यात एकाच पाइपचे दहा-दहा क्लॅश असतात. आम्ही २५ मिमीपेक्षा कमी शिरकाव (एक वस्तू दुसरीत घुसणं) बाजूला ठेवून उरलेल्यांचे गट करतो. क्रम ठरलेला: आधी स्ट्रक्चरसमोर ड्रेनेज, कारण उताराची लाइन वर उचलता येत नाही. मग डक्ट, मग फायर लाइन, केबल ट्रे शेवटी. प्रत्येक क्लॅशपुढे जबाबदार माणूस आणि तारीख हवी. त्या स्लॅबचं शटरिंग सुरू होण्याआधी स्लीव्हच्या नकाशावर सगळ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत. ही तारीख हुकली तर मॉडेलचा निम्मा पैसा वाया गेला असं समजा.

परिमाणं आणि आरए (चालू कामाचं) बिल

इथे वाद हमखास होतो. मॉडेल दार-खिडकीचं प्रत्येक उघाड पूर्ण वजा करतं, मोजमापाचं भारतीय मानक आयएस १२०० तसं करत नाही. प्लास्टरमध्ये ०.५ चौ.मी.पर्यंतच्या उघाडाची वजावट नाही, ०.५ ते ३ चौ.मी.च्या उघाडाला दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असेल तर एकाच बाजूची. ०.९ × २.१ मीटरच्या प्रत्येक दारासाठी मॉडेल ३.७८ चौ.मी. वजा करतं, आयएस १२०० प्रमाणे १.८९. शंभर दारांना १८९ चौ.मी.चा फरक पडतो, आणि ठेकेदार तो सोडणार नाही. निविदेतच मोजमापाची पद्धत लिहा. काँक्रीटमध्ये कॉलम, बीम, स्लॅब जिथे मिळतात तिथला भाग दोनदा मोजला जात नाही ना, हे आम्ही प्रत्येक मजल्याला हाताने तपासतो.

करारात काय हवं

आमच्याकडून करा किंवा दुसऱ्या कुणाकडून, मूळ फाइल आणि आयएफसी फाइल (वेगवेगळ्या बीआयएम सॉफ्टवेअरांत चालणारी) दोन्ही मागा. नुसत्या पीडीएफवर पुढचा माणूस काम करू शकत नाही. समन्वयासाठी एलओडी (मॉडेलमधल्या तपशिलाचा दर्जा) ३५० लागतो. ३०० वर पाइपांचे सपोर्ट नसतात, आणि वरच्या हिशेबात ते किती महाग पडतात हे दिसलंच. साईटवर झालेला बदल मॉडेलमध्ये कोण आणि किती दिवसांत चढवणार, हेही लिहून घ्या. मंजुरीसाठी ठरावीक लेयरची कॅड फाइल वेगळी लागते. तिचं काम मॉडेलमुळे वाचत नाही.

पहिल्या भेटीला येताना आर्किटेक्चरल आणि स्ट्रक्चरल कॅड फाइली, भूतांत्रिक (माती-खडक तपासणीचा) व सर्वेक्षण अहवाल, आणि पुढच्या तीन स्लॅबच्या तारखा आणा. तळघराचा स्लॅब महिन्याभरात भरायचा असेल, तर फोनवरच सांगा. मग टिपिकल मजल्यापासून सुरुवात करू.